रानातली अळंबी ताटात येण्याआधी: ओळख पटवायची पूर्ण पद्धत

रानातलं मशरूम ओळखायला शिकताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी खाण्याजोगी कुठली ते बघायचं, त्यांचे फोटो सेव्ह करायचे आणि मग रानात जाऊन त्या फोटोसारखं काय दिसतंय ते शोधत फिरायचं. आता डोळ्यांचं असं आहे की जे शोधायचं मनात धरलंय ते त्यांना सापडतंच, टोपीचा रंग जुळला की देठाकडे कोण बघतंय, आणि बुडाकडे तर कोणीच नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की आधी जीव घेणारी मशरूम पाठ करा, खायची नंतर. यादी तशी छोटी आहे हो, जगात हजारो प्रकारची मशरूम आहेत पण माणूस मरतो तो बहुतेक वेळा मोजक्या गटांमुळे, आणि तेवढे गट ओळखता आले की निम्मं काम झालं.

आधी शत्रू ओळखा

सगळ्यात वर डेथ कॅप, शास्त्रीय नाव अमानिटा फॅलॉइड्स. टोपी हिरवट-पिवळसर, पण कधी तपकिरी तर कधी जवळजवळ पांढरीच, त्यामुळे रंगावर अजिबात जाऊ नका. टोपीखालच्या गिल्स, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे, पांढऱ्या, देठावर पातळ झालरीसारखी रिंग, आणि देठाच्या बुडाशी एक पांढरी सैल पिशवी, जी बऱ्याचदा मातीत किंवा पाचोळ्यात पूर्ण दबलेली असते. तिचीच पांढरीशुभ्र भावंडं म्हणजे डिस्ट्रॉइंग एंजल, दिसायला इतकी स्वच्छ आणि सुंदर की विष असेल असं वाटतच नाही. यांच्यातलं विष अमाटॉक्सिन. ते पेशीतलं आरएनए बनवणारं एन्झाइम बंद पाडतं, मग पेशीला नवीन प्रोटीन बनवता येत नाही आणि लिव्हर मरायला लागतं. शिजवून, वाळवून, फ्रीज करून हे विष जात नाही. एक मध्यम आकाराचं मशरूम मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरतं.

दुसरं गॅलेरिना. हे छोटंसं तपकिरी मशरूम कुजक्या लाकडावर येतं आणि त्यातही तेच अमाटॉक्सिन असतं. तिसरी लेपिओटा गटातली छोटी मशरूम, टोपीवर तपकिरी खवले असलेली, त्यातल्या काहींमध्येही तेच विष. चौथं कॉर्टिनेरियस गटातली काही नारिंगी-तपकिरी मशरूम, यांचं विष किडनीवर जातं आणि त्रास सुरू व्हायला कधी दोन-तीन दिवस लागतात तर कधी दोन आठवडेसुद्धा, तोवर आपण काय खाल्लं होतं हेच माणूस विसरलेला असतो. ब्रिटिश लेखक निकोलस इव्हान्स यांनी २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये घरच्यांसोबत हे चुकून खाल्लं होतं, त्यांच्या किडन्या गेल्या आणि पुढे मुलीने त्यांना किडनी दिली. पाचवं गायरोमिट्रा, मेंदूसारख्या वळ्यांची लालसर-तपकिरी टोपी, लोक हिला खाण्याजोगं मोरेल समजतात. शिवाय इनोसायबी आणि क्लायटोसायबी गटांत मस्करिन नावाचं विष असतं, त्याने खूप घाम, लाळ आणि पोटात मुरडा येतो.

यावरून सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी एक ढोबळ नियम करून टाका. पांढऱ्या गिल्सचं रानातलं मशरूम खायचं नाही, रिंग किंवा बुडाशी पिशवी असलेलं खायचं नाही, आणि छोटं तपकिरी मशरूम कुठलंच खायचं नाही. यात काही चांगली खाण्याजोगी मशरूमही हातची जातील, जाऊ द्या.

ऐकीव परीक्षा सोडून द्या

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण टाकून रंग बदलला तर विषारी, किड्यांनी किंवा गोगलगायीने खाल्लंय म्हणजे चांगलं, टोपीची साल निघते म्हणजे चांगलं, लाकडावर उगवलंय म्हणजे चांगलं, मीठ-व्हिनेगरमध्ये उकळलं की विष जातं. यातली एकही गोष्ट खरी नाही. अमाटॉक्सिन चांदीला काही करत नाही, गोगलगायी डेथ कॅप आरामात खातात, गॅलेरिना लाकडावरच उगवतं. चव आणि वासावरही जाऊ नका, डेथ कॅप खाऊन जे वाचले त्यांच्यातल्या कितीतरी लोकांनी ते चविष्ट होतं असंच सांगितलंय. मशरूम चांगलं की वाईट हे सांगणारी एकच एक परीक्षा जगात नाही, प्रत्येक जात वेगळी ओळखावी लागते, दुसरा रस्ता नाही.

अनुभवाचाही फार भरवसा धरू नका. पॅक्सिलस इन्व्हॉल्युटस नावाचं तपकिरी मशरूम युरोपात पिढ्यानपिढ्या शिजवून खाल्लं जायचं. जर्मन मशरूमतज्ज्ञ ज्युलियस शेफर १९४४ मध्ये त्यानेच गेले. ते मशरूम वारंवार खाल्लं की काही लोकांच्या शरीरात ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया तयार होते आणि एक दिवस स्वतःच्याच लाल रक्तपेशी फुटायला लागतात. ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे हे पिवळं मशरूमही आवडीने खाल्लं जायचं, २००१ मध्ये फ्रान्समधल्या केसेस छापून आल्या तेव्हा कळलं की सलग काही जेवणांत भरपूर खाल्लं तर स्नायू विरघळायला लागतात. "आमच्याकडे नेहमी खातात" हे ऐकून घ्या, पण पुरावा म्हणून धरू नका.

आणि ज्या भागात राहताय त्या भागाचंच माहितीपुस्तक वापरा. २०१२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये नववर्षाच्या जेवणात डेथ कॅप खाऊन दोघांचा जीव गेला. आशियातून दुसऱ्या देशांत गेलेल्या लोकांकडून हा घोटाळा परत परत होतो, कारण भाताच्या पेंढ्यावर वाढणारं स्ट्रॉ मशरूम त्यांच्या ओळखीचं असतं, त्यालाही बुडाशी पिशवी असते, आणि लहानपणी ते डेथ कॅपसारखंच दिसतं. डेथ कॅप मूळचं युरोपातलं, पण झाडांच्या मुळांसोबत ते ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका असं कुठे कुठे जाऊन पोचलंय. आपल्या गावी जे सुरक्षित ते परक्या देशात सुरक्षित असेलच असं नाही.

कुठून काढायचं, काय सोबत न्यायचं

हायवेच्या कडेचं, कारखान्याजवळचं, फवारणी झालेल्या शेतातलं किंवा लॉनवरचं मशरूम जात अगदी बरोबर असली तरी घेऊ नका. मशरूम जमिनीतलं कॅडमियम, पारा, शिसं शोषून साठवतं. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर युरोपातल्या काही रानांतल्या मशरूममध्ये किरणोत्सारी सिझियम वर्षानुवर्षं सापडत राहिलं, ते याच स्वभावामुळे. जंगल संरक्षित असेल तर काढायची परवानगी आहे का तेही आधी विचारा.

सोबत टोपली, कागदी पिशव्या, टोकदार चाकू, छोटी खुरपी, वही-पेन्सिल आणि फोन एवढं पुरे. प्लास्टिकची पिशवी नको, त्यात मशरूम घामेजतं, लगेच सडायला लागतं, आणि बिघडलेलं खाऊन होणारी विषबाधाही खरी विषबाधाच असते. ओळखीचं आणि अनोळखी एका पिशवीत कधीच टाकू नका, कारण तुकडे पडतात, आणि तुकडा कशाचा ते मग कोणालाच सांगता येत नाही.

जमिनीतून काढताना

या पूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: अनोळखी मशरूम देठातून कापायचं नाही, बुडासकट खणून काढायचं. डेथ कॅपची सगळ्यात पक्की खूण असलेली पिशवी मातीत असते, वर कापलंत तर ओळख जमिनीतच राहिली आणि हातात आलं एक साधं देखणं मशरूम. खुरपी देठापासून तीन-चार बोटं लांब खुपसा, मातीचा गोळा उचला, मग बोटांनी आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू माती झाडा. बूड नुसतं निमुळतं आहे, कांद्यासारखं फुगलंय, की त्याच्याभोवती अंड्याच्या कवचासारखी फाटकी पांढरी पिशवी आहे ते बघा. हात लावल्याने विष चढत नाही, त्यामुळे बिनधास्त उलटंसुलटं करून बघा, फक्त नंतर हात धुवा.

काढायच्या आधी आहे त्या जागी आणि काढल्यावरही फोटो घ्या, आणि घेतलेच तर नीट घ्या. एक वरून, एक टोपीखालचा, एक पूर्ण देठाचा, एक साफ केलेल्या बुडाचा, एक उभं कापून आतला, आणि एक आजूबाजूच्या जागेचा. मातीवर होतं, लाकडावर होतं की शेणावर, जवळ कुठली झाडं होती, एकेकटं होतं की झुपक्यात, ते वहीत लिहा. कितीतरी मशरूम ठराविक झाडांच्या मुळांशीच जोडलेली असतात, त्यामुळे शेजारचं झाड ही ओळखीतली मोठी खूण आहे. एकाच जातीची दोन-तीन वयांची घ्या, कळी, मधलं आणि म्हातारं, कारण वयाप्रमाणे रंग-आकार फार बदलतात.

घरी आल्यावर खुणा तपासणं

दिवसाच्या उजेडात बसा, पिवळ्या बल्बखाली रंग चुकतात. टोपीचा रंग, आकार, वर चिकट आहे की कोरडी, खवले आहेत की नाहीत, ते लिहून घ्या, पण टोपीवरचे ठिपके पावसाने धुऊन जातात त्यामुळे ठिपके नसणं ही काही खूण नाही. रिंगचंही तेच, गळून पडते. खूण दिसली तर तिचा अर्थ आहे, दिसली नाही म्हणून मशरूम निर्दोष सुटत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा.

खाली उलटून बघा. गिल्स आहेत, स्पंजसारखी भोकं आहेत, की काटे आहेत? गिल्स असतील तर त्या देठाला चिकटल्यात, देठावरून खाली उतरल्यात, की देठाच्या आधीच थांबल्यात? शँटरेल हे खाण्याजोगं पिवळं मशरूम आणि विषारी जॅक-ओ-लँटर्न यांच्यातला फरक इथेच कळतो. शँटरेलखाली खऱ्या गिल्स नसतात, जाडसर बोथट फांद्या फुटलेल्या सुरकुत्या असतात, नखाने वेगळ्या करायला गेलात तर टोपीचं मांसच सोबत येतं. जॅक-ओ-लँटर्नच्या गिल्स धारदार आणि सुट्या असतात, आणि ते बहुतेक वेळा लाकडावर झुपक्यात येतं, कधी लाकूड जमिनीखाली गाडलेलं असतं एवढंच.

मग उभं कापा. पांढरा गोल गोळा सापडला आणि पफबॉल वाटला तर वरून खालपर्यंत मधोमध कापल्याशिवाय काही ठरवू नका. खाण्याजोगा पफबॉल आतून शेवटपर्यंत एकसारखा पांढरा आणि घट्ट असतो. आत छोट्या टोपीची-देठाची पुसटशी जरी रेघ दिसली तर ते अजून अंड्यासारख्या कळीत असलेलं अमानिटा, म्हणजे डेथ कॅपच्या गटातलं मशरूम आहे, लगेच बाजूला टाका. आत जांभळट-काळं असेल तर अर्थबॉल, तेही विषारी. पिवळा-हिरवा रंग धरला असेल तर जुना झालाय. कापल्यावर रंग बदलतो का तेही दहा मिनिटं थांबून बघा. शेतातल्या साध्या बटन मशरूमसारखं दिसणारं एक मशरूम देठाच्या बुडाशी खरवडलं की झटकन गडद पिवळं होतं आणि शाईसारखा किंवा दवाखान्यासारखा वास मारतं, ते खाल्लं की पोट बिघडतं. स्पंजवाल्या मशरूममध्ये भोकं लाल असतील किंवा कापल्यावर निळं पडत असेल तर नवख्याने नादाला लागू नये.

चाखून बघायची पद्धत काही अनुभवी लोक वापरतात, कणभर जिभेवर ठेवून थुंकतात. तुम्ही करू नका, गरजच नाही.

स्पोअर प्रिंट, हे टाळू नका

स्पोअर प्रिंट म्हणजे मशरूममधून गळणाऱ्या बीजाणूंचा, म्हणजे बियांसारख्या बारीक कणांचा, कागदावरचा ठसा. बऱ्याच जणांना ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि ते सोडून देतात, मला मात्र घरी करता येणाऱ्या तपासण्यांत हीच सगळ्यात कामाची वाटते. पूर्ण उघडलेल्या मशरूमचा देठ टोपीच्या अगदी लगत कापा. एका कागदाचा अर्धा भाग पांढरा अर्धा काळा असा घ्या, किंवा सरळ काच घ्या, त्यावर टोपी गिल्सची बाजू खाली करून ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि वाटी झाका. चार-पाच तासांनी, कोरडं मशरूम असेल तर रात्रभराने, हळूच टोपी उचला. गिल्सच्या रेघांप्रमाणे बारीक पावडर पडलेली दिसेल, तिचा रंग म्हणजे बीजाणूंचा रंग. अर्धा काळा कागद यासाठी की पांढरी पावडर पांढऱ्या कागदावर दिसतच नाही आणि माणसाला वाटतं काहीच पडलं नाही.

आता हा रंग काय सांगतो बघा. अमानिटाचा पांढरा. स्ट्रॉ मशरूमचा गुलाबी, म्हणजे वर सांगितलेला जीवघेणा घोटाळा एका कागदाने सुटू शकतो, फक्त मशरूम उघडलेलं हवं, बंद कळीचा प्रिंट मिळत नाही आणि नेमकं कळीतच दोन्ही सारखी दिसतात. शेतातल्या बटन मशरूमच्या नातेवाइकांचा चॉकलेटी. गॅलेरिना आणि कॉर्टिनेरियसचा गंजासारखा तपकिरी. आणि हिरवट आला तर क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स, गरम हवेत लॉनवर उगवणारं मोठं पांढरं मशरूम, गिल्स कोवळेपणी पांढऱ्याच असतात आणि हिरवटपणा उशिरा येतो, खाल्लं की भयंकर उलट्या-जुलाब होतात. प्रिंटचा रंग एकटा कधीच "खा" असं सांगत नाही. तो फक्त तुमच्या मनातलं नाव खोडू शकतो, आणि तेच त्याचं काम.

नाव पक्कं करणं

इतकं झाल्यावर पुस्तकातलं वर्णन काढा आणि एकेक खूण ताडून बघा, सगळ्या जुळल्या पाहिजेत. दहातल्या नऊ जुळल्या आणि दहावीला आपण "असेल पावसामुळे" म्हणतो तिथेच घात होतो. मग त्याच पुस्तकात त्या जातीसारखी दिसणारी विषारी मशरूम कुठली ते वाचा, आणि हे ते का नाही याचं कारण प्रत्येकासाठी शब्दांत सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर ओळख झालेली नाही. एका पुस्तकावर थांबू नका, दोन बघा, आणि ती कोणी लिहिलीत तेही बघा.

फोनमधली ॲप अभ्यासाला बरी आहेत, कुठलं पान उघडायचं ते सांगतात. त्यापुढे भरवसा नको. २०२३ मध्ये छापलेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तीन ॲप तपासली होती, त्यातल्या सगळ्यात चांगल्या ॲपचं उत्तर जेमतेम निम्म्या वेळा बरोबर आलं. फोटोवरून ग्रुपमध्ये विचारलेलं उत्तरही तसंच, समोरचा कितीही जाणकार असला तरी त्याला वास येत नाही, बूड चाचपता येत नाही. खायचंच असेल तर ती जात वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या माणसाने ते मशरूम प्रत्यक्ष हातात घेऊन बघितलेलं पाहिजे, आणि पहिल्या सीझनला तरी याला अपवाद करू नका. नवी जात पहिल्या वर्षी फक्त ओळखायची आणि खायची पुढच्या वर्षी, असा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

शिजवायच्या आधी आणि पहिल्यांदा खाताना

धुताना, चिरताना प्रत्येक मशरूम परत एकेक करून बघा. एकाच ओंडक्यावर खाण्याजोगं हनी मशरूम आणि जीवघेणं गॅलेरिना शेजारी शेजारी येऊ शकतं, टोपलीतली एकोणीस बरोबर म्हणून विसावं बरोबर असं होत नाही. किडलेलं, चिकट झालेलं, वास मारणारं काढून टाका.

रानातलं मशरूम कच्चं खाऊ नका, चांगलं खाण्याजोगं असलं तरी. मोरेल हे महागडं, नावाजलेलं मशरूम, पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात कच्ची-अर्धकच्ची मोरेल खाऊन पन्नासच्या आसपास लोक आजारी पडले आणि दोघे दगावले. नीट आतपर्यंत शिजवा. पण शिजवल्याने विषारी मशरूम खाण्याजोगं होत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिल्यांदा खाताना एका वेळी एकच जात, दोन-तीन चमचेच, आणि एक दिवस वाट बघा. दारू नको, कारण कोप्रिनॉप्सिस गटातलं इंक कॅप एरवी त्रास देत नाही पण दारूसोबत घेतलं की तोंड लाल होतं, धडधडतं, उलट्या होतात, आणि हे खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांनी घेतलेल्या दारूनेही होऊ शकतं. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि लिव्हर-किडनीचा त्रास असलेल्यांना देऊ नका. जपानमध्ये २००४ मध्ये एंजल विंग्ज नावाच्या पांढऱ्या मशरूमने बरेच लोक गेले, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून किडनीचा आजार होता, आणि तोवर ते मशरूम खाण्याजोगंच मानलं जायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी नवी जात खाऊ नये हेही पाळा. आणि एक पूर्ण, न शिजवलेलं मशरूम बुडासकट कागदी पिशवीत घालून तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवा, पुढचे तीन-चार दिवस. वेळ आलीच तर डॉक्टरला त्याहून उपयोगी काही नाही.

त्रास झाला तर

इथे वेळ फार महत्त्वाची आहे. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक वेळा विष पोटापुरतं असतं, तरी डॉक्टरकडे जायचंच, कारण दोन प्रकारची मशरूम एकत्र खाल्ली गेलेली असू शकतात. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले तर अमाटॉक्सिन समजूनच पळा. यात एक मोठा धोका आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, माणूस उठून बसतो, बरं वाटतंय म्हणतो, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी आत लिव्हर निकामी होत असतं. त्यामुळे बरं वाटलं म्हणून हॉस्पिटलमधून घरी यायचा हट्ट करू नका, लिव्हरच्या रक्ततपासण्या काही दिवस परत परत व्हायला पाहिजेत.

बोटं घालून उलटी करवू नका, मीठ-पाणी किंवा दूध पाजू नका, घरगुती उतारा शोधत बसू नका. त्रास सुरू व्हायची वाटही बघू नका, चुकीचं खाल्लंय अशी नुसती शंका आली तरी लगेच निघा आणि वाटेत विषबाधा हेल्पलाइनला फोन लावा. लवकर पोचलं तर ॲक्टिव्हेटेड चारकोल, शिरेतून भरपूर सलाइन, सिलिबिनिन, एन-ॲसिटिलसिस्टीन ही औषधं असे उपाय करता येतात, फार उशीर झाला तर लिव्हर ट्रान्सप्लांटशिवाय हातात काही उरत नाही.

जाताना उरलेलं मशरूम, शिजवलेल्यातलं थोडं, साफ करताना पडलेली सालं-बुडं कचऱ्यातून काढून, रानात काढलेले फोटो आणि उलटी झाली असेल तर तीही डबीत घेऊन जा. डॉक्टरला किती वाजता खाल्लं, पहिला त्रास किती वाजता झाला, कच्चं की शिजलेलं, सोबत दारू होती का, आणि ताटाला अजून कोण कोण होतं ते सांगा. जे सोबत जेवले त्यांना काही होत नसलं तरी त्यांनाही घेऊन जा. आणि तहान खूप लागतेय, कंबर दुखतेय, लघवी कमी झालीय असं एक-दोन आठवड्यांनी जाणवलं तर मशरूम खाल्लं होतं हे आपणहून सांगा, डॉक्टर तेवढ्या मागचं विचारतीलच असं नाही आणि कॉर्टिनेरियसमध्ये किडनीचा त्रास तेव्हाच वर येतो.